अण्णाच्या नळीतून काय गेलं

९ जानेवारी, गुरुवार
कंपनीनं नवीन वर्षाचे मिठाईचे डबे वाटले. माझा नंबर येईपर्यंत डबे संपले, म्हणून मला ही डायरी दिली. सुपरवायझर म्हणला, लिहीत जा, अक्षर सुधरेल. आठवीत सोडलेलं अक्षर आता कशाला सुधरेल.

लिहायसारखं काही नाही. भुजच्या पुढं सोलरचं काम आहे. दिवसभर पोकलेनवर बसून मिठाच्या जमिनीत चर खणतो. जिकडं बघावं तिकडं सपाट. उन्हाळ्यात इथून निघायचं. कुठं जायचं ते ठरलं नाही. पुणं झालं, सुरत झाली, हे बी होईल.

गावाकडून वडलांचा, अण्णांचा फोन आलता. म्हणले, बीपीची गोळी बंद केली, डोकं दुखत नाही आता. मी म्हणलो, बरं झालं, सुटलात.

११ जानेवारी, शनिवार
केसरआत्याचा फोन. अण्णा सकाळी विहार झाडत होते. झाडता झाडता खाली बसले ते उठलेच नाहीत. डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं. अण्णांच्या दोस्तानं, रामकिसनतात्यानं, स्वतःच्या जीपमधी घालून अंबाजोगाईला नेलं.

आई गेल्यापासून आत्याच घर बघते. फोनवर ती रडली नाही. म्हणली, "येताना गरम कपडे घेऊन ये, हितं थंडी हाय."

सुपरवायझरला सांगितलं. म्हणला, जा. पगार चालू राहणार नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
दुपारी पोचलो. संक्रांत आहे. दवाखान्याच्या दारात वॉचमननं हातावर तिळगूळ ठेवला आणि पास विचारला.

अण्णा ओळखू आले नाहीत. नाकात नळी, हाताला सुई, खाली लघवीची पिशवी. डोळे अर्धे उघडे. उजव्या हातानं चादर चिमटीत धरून सोडायचे, परत धरायचे. मी म्हणलो, अण्णा, मी पवन. चादर धरली, सोडली.

डॉक्टरनं फोटो दाखवला. डोक्यात उजव्या बाजूला पांढरा डाग, लिंबाएवढा. ते म्हणले, "बीपी वाढून मेंदूतली नस फुटली. हे रक्त आहे. ऑपरेशन लागणार नाही असं वाटतं, पण पंधरा दिवस काही सांगता येत नाही. गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी टाकलीय. त्यातूनच द्यायचं."

मी विचारलं, ते रक्त निघणार कुठून?

ते म्हणले, हळूहळू आपोआप जिरतं.

मला पटलं नाही. ऑईल सांडलं तर जिरत नाही, कुठंतरी उतरतं.

१५ जानेवारी, बुधवार
पौर्णिमा सिस्टरनं नळीतून द्यायचं शिकवलं. उशाकडून पलंग उचलायचा. मोठी पिचकारी नळीला लावून आधी ओढून बघायची, आत काय आहे ते. साफ असलं तर पिचकारीचा दट्ट्या काढायचा आणि वरून सोडायचं. दूध, मुगाचं पाणी, पेज. गाळून. म्हणली, "वेगळं काही दिसलं तर द्यायचं नाही, मला हाक मारायची. लक्षात राहील का?" मी म्हणलो, पोकलेनला अकरा नळ्या असतात. ती म्हणली, "ही एकच आहे, पण खाली माणूस आहे."

दवाखान्यामागं नातेवाईकांच्या चुली आहेत. आत्यानं कोपऱ्यातली धरली. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा जावई बिभीषण, त्याची चूल बाजूला. त्यानं विचारलं, "पारवा दिला का?"

आत्या म्हणली, "कुठं मिळंना."

आमच्याकडं कुणाला वारं गेलं की आधी पारवा आठवतो, मग डॉक्टर. पारव्याचं रक्त अंगाला चोळतात, मटणाचं पाणी पाजतात. पारवा गरम असतो, त्यानं नसा मोकळ्या होतात म्हणतात. मी लहान असताना गावातला एक म्हातारा त्यानं चालायला लागलता. तो चालत होता हे मी स्वतः बघितलंय. आधी किती पडलेला होता ते बघितलं नाही.

अडचण अशी की अण्णांनी दोन वर्षं झाली मटण सोडलंय. विहारात पंचशील सांगायचं आणि घरी कोंबडी कापायची हे बरोबर दिसत नाही म्हणले. तेव्हापासून घरात अंडं बी फुटलं नाही. मी सुट्टीला गेलो की घाटनांदूरला जाऊन खाऊन यायचो.

आत्याला हे सांगितलं. ती म्हणली, "तोंडानं खाणार न्हाई म्हणलाय तो. नाकाचं काय बोललाय का?"

१६ जानेवारी, गुरुवार
गावाकडं गेलतो. रामकिसनतात्याच्या जुन्या विहिरीत पारवे आहेत. तात्या आणि अण्णा एका वर्गात होते, तात्या त्यांना अजून नावानं निवृत्तीच म्हणतो. तात्या काठावर उभा राहून सांगत होता, मी पायऱ्या उतरून खाली. कपारीवर पोतं दाबायचं आणि आत हात घालायचा.

"डावीकडं, पवन्या. तुझं डावं, माझं न्हाई."

पहिल्या कपारीत घोरपड निघाली. तात्या म्हणला, "घाबरू नको, ती बी घाबरली आसल." दुसऱ्या कपारीत एक पारवा मिळाला. हात लई ओरबाडला. पारवा पोत्यात गप बसला होता. वर आल्यावर तात्यानं त्याला हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणला, "निवृत्तीला कळलं तर दोघांशी बी बोलणार न्हाई."

मी म्हणलो, बोलायला लागले तर बरंच आहे की.

तात्यानं पोत्याचं तोंड बांधलं. बसस्टँडपर्यंत जीपनं सोडलं.

१७ जानेवारी, शुक्रवार
आत्यानं सकाळपासून पारवा शिजवला. लसूण, मिरे, लवंग. तीन वेळा धडप्यातून गाळला. पाणी तांबूस झालं, वास लई चांगला येत होता. बिभीषण म्हणला, "आमच्या सासऱ्याला बी ठेवा वाटीभर." आत्या म्हणली, "तुझा तू धर."

दुपारी द्यायच्या आधी पिचकारी लावून ओढली. कोऱ्या चहासारखं आलं, खाली पत्तीच्या चोथ्यासारखे काळे दाणे. सकाळी तर फक्त दूध दिलतं. मला वाटलं सिस्टरनं काही औषध सोडलं असंल. आत्या म्हणली, "निवलं तर वास मारतं, घाल आता." ते पिचकारीतलं बाहेर टाकलं आणि पारवा घातला.

चार वाजता पौर्णिमा सिस्टर गोळी विरघळून द्यायला आली. तिनं ओढलं. परत तसंच.

"हे काय दिलंत?"

मुगाचं पाणी, मी म्हणलो.

"मुगाचं पाणी असं असतं?"

मसाला घातलाय थोडा.

तिनं लई बोलून घेतलं. अशा पेशंटला मसाला, शिकवलं होतं का नाही, आजपासून मी सांगीन तेच. तिनं कागदावर लिहिलं आणि रात्रीपर्यंत नळीतून काही द्यायचं नाही म्हणली. संध्याकाळी परत ओढलं, परत थोडं तपकिरी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलो, आत्याचा हात सढळ आहे.

पारव्याची गोष्ट बाहेर आली नाही हे बरं झालं. अण्णा डोळे मिटून होते.

१८ जानेवारी, शनिवार
आज फरक पडला.

सकाळी अण्णांना शी झाली. काळीभोर, डांबरासारखी चिकट, आणि असा वास की बिभीषण उठून बाहेर गेला. मी घाबरलो. आत्यानं बघितलं आणि हात जोडले. म्हणली, "डोक्यातलं रक्त उतरलं रे. पारव्यानं खाली काढलं."

मला पटलं. डॉक्टर जिरतं म्हणलते, पण जिरणार कुठं. वरचा पाईप फुटला तर ऑईल खालीच गळणार, मशीनमधी तसंच आहे. काळं पडलंय म्हणजे जुनं. जुनंच तर निघायला पाहिजे.

डायपर बदलला, गुंडाळून टाकून दिला. दिवसपाळीला आज दुसरी सिस्टर होती, नवीन. तिला कशाला सांगायचं. पौर्णिमा सिस्टर असती तर तिला बी सांगितलं नसतं, परत मसाल्याची गोष्ट निघाली असती.

आत्यानं वॉर्डात साखर वाटली. बिभीषण म्हणला, "रामराम ठोकतो तुमच्या पारव्याला. सासऱ्यासाठी उद्या विहीर बघतो." समोरच्या पलंगावरच्या बाईनं विहिरीचा पत्ता विचारला.

दुपारी परत तशीच शी. अण्णा गोरे दिसत होते. आत्या म्हणली, उजळला. छातीवर हात ठेवला तर लई जोरात उडत होती. आत्या म्हणली, जीव आला. हातपाय गार होते, पण थंडीच आहे.

सुपरवायझरला फोन केला. म्हणलो, आठ दिवसांत येतो.

१९ जानेवारी, रविवार


सकाळी पौर्णिमा सिस्टर आली. अण्णांना बघितल्याबरोबर डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. बीपी लावलं. परत लावलं. मग ती पळाली. सिस्टर पळताना मी पहिल्यांदा बघितली.

डॉक्टर आले. नळीला पिचकारी लावली. या वेळी लाल आलं. चहा नाही, रक्त.

"कधीपासून आहे हे?"

सिस्टरनं कागद बघितला. म्हणली, "शुक्रवारी तपकिरी आलं होतं, सर. यांनी मसाला दिला होता म्हणाले."

"शी कशी झाली?"

कागदावर कालच्या शीचं काहीच नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. आत्या पलंगाची दांडी धरून उभी. तिनं मान जरा हलवली, नाही म्हणून. अण्णा आमच्या मधी.

मी म्हणलो, काळी झाली. काल दोनदा. आम्हाला वाटलं डोक्यातलं निघतंय.

डॉक्टर म्हणले, "आणि मसाला?"

मी म्हणलो, मुगाचं नव्हतं. पारव्याचं होतं.

"पारव्याचं."

हो. पण पारवा घालायच्या आधीच तसं आलतं. मी ओढून बघितलं तेव्हाच आलतं. मग घातलं.

"आधीच आलं होतं, तरी घातलं?"

त्यांनी थांबून ऐकलं नाही. सिस्टरला दोन-तीन इंजेक्शनं सांगितली, रक्त मागवायला सांगितलं, नळी पिशवीला जोडून खाली सोडली. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"डोक्यातलं रक्त डोक्यातच आहे. ते पोटात येत नाही. मेंदूला एवढा मार बसला की पोटात ॲसिड वाढतं आणि आतून जखमा होतात. हे रक्त पोटातलं आहे, आणि नवीन आहे. पारव्यानं हे झालं नाही. पण तुम्ही मसाला म्हणालात, आम्ही मसाला धरून चाललो. दीड दिवस गेला."

अण्णांना आयसीयूमधी नेलं.

अण्णांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीत होतं, पण बदली माणसं द्या म्हणले. माझं ओ निघालं. माझं घेतलं आणि अण्णांना दुसऱ्या कुणाचं दिलं. तात्याला फोन केला, तो गावातली चार पोरं जीपमधी घालून घेऊन आला. स्वतः बी झोपला टेबलावर. वय जास्त झालं म्हणून त्याचं घेतलं नाही. तो लई भांडला. "रोज दोन मैल चालतो मी. ह्या पोरांना विचार, कोण चालतंय का."

आत्यानं मला विचारलं, "आता निवृत्तीत कुणाकुणाचं रक्त गेलं?" मी म्हणलो, कळत नाही, पिशवीवर नाव नसतं. ती म्हणली, "बरंय. नाव आसलं की लोक बघत बसतेत."

२० जानेवारी, सोमवार
तोंडातून दुर्बीण घालून पोट बघितलं. लई बारक्या जखमा आणि एक मोठी. मोठीतून वाहत होतं, ते आतूनच बंद केलं. आत काय दिसलं ते मला स्क्रीनवर दाखवलं. लाल भिंत आणि ओरखडे. माझा हात विहिरीत ओरबाडला तसलेच.

डॉक्टर म्हणले, अजून धोका टळलेला नाही. परत वाहू शकतं. मेंदूच्या रक्तस्रावात पोटातून रक्त जायला लागलं की पेशंट अवघड होतो.

बिभीषणला जाऊन सांगितलं, पारवा धरू नको. त्यानं विचारलं, कावून रे? मी सगळं सांगितलं. तो म्हणला, "आरं पण पारव्यानं न्हाई झालं म्हणला ना डॉक्टर." मी म्हणलो, नाही झालं. पण काळं दिसलं तर साखर वाटू नको, सिस्टरला हाक मार. तो म्हणला, "मग पारवा देऊ का नको?" मी उठून आलो.

२३ जानेवारी, गुरुवार
आयसीयूत दोनदाच आत सोडतात. एकदा आत्या, एकदा मी. रक्ताच्या चार पिशव्या गेल्या. शी अजून काळीच आहे पण सिस्टर म्हणते जुनं साचलेलं जातंय, चालतं. आता खरंच जुनं. मला विचारायचं होतं की जुनं आणि नवीन कसं ओळखायचं, पण विचारलं नाही.

आत्या तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आज चुलीपाशी बोलली.

"पारव्याचं कावून सांगितलंस? आधी आलतं एवढं सांगितलं आसतं तरी चाललं आसतं की. निवृत्ती ऐकत हुता."

मी म्हणलो, डोळे मिटले होते त्यांचे.

"डोळे मिटलं म्हणजे कान मिटतेत का?"

मी म्हणलो, अर्धं सांगितलं असतं तर परत अर्धंच धरून चालले असते.

ती म्हणली, "माझं नाव न्हाई घेतलंस."

विचारलं नव्हतं कुणी.

तिनं भाकरी तव्यावर उलटली. ती करपली होती. तिनं मला दिली नाही, स्वतःच्या ताटात घेतली.

२७ जानेवारी, सोमवार
वॉर्डात परत आणलं. कालपासून पोटात थोडं पाणी सोडून बघतात, आज दूध चालू केलं. देण्याआधी पौर्णिमा सिस्टर उभी राहते आणि मी ओढतो. आज ओढलं तर पांढरट पाणी आलं, दुधाचं. ती म्हणली, "काय दिसतं?" मी म्हणलो, दूध. म्हणली, "नक्की?" मी उजेडात धरून बघितलं. नक्की.

बिभीषणच्या सासऱ्याला घरी नेलं. पारवा दिला का नाही ते माहीत नाही.

सुपरवायझरचा फोन आलता. मशीनवर दुसरा माणूस बसवला म्हणला. मी म्हणलो, बरं.

३० जानेवारी, गुरुवार
अण्णा बोलले.

आवाज जाड झालाय, अर्धं तोंड चालत नाही, पण शब्द कळतात. पहिलं पाणी मागितलं. ते देता येत नाही, ओठ ओले केले. मग आत्याकडं बघून म्हणले, "केसर, वाळलीस." आत्या बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

मग मला म्हणले, "काय घातलं?"

मी म्हणलो, दूध. मुगाचं पाणी.

ते बघत राहिले. उजवा हात चादरीवर होता, तो हलला नाही.

मी म्हणलो, एकदा पारवा घातला. रामकिसनतात्याच्या विहिरीतला. मी धरला.

त्यांनी डोळे मिटले. मी बसून राहिलो. मला वाटलं झोपले.

"कोणी कापला?"

मी.

"हं."

मी म्हणलो, तुम्ही तोंडानं खाल्लेला नाही. ते म्हणले, "गप." एका बाजूनं बोलल्यामुळं शब्द लांब निघाला, पण गप म्हणलेलं मला बरोबर ओळखू येतं, लहानपणापासून.

२ फेब्रुवारी, रविवार
अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. आत्याशी बोलतात. तात्या आलता, त्याच्याशी बी नाही. तात्या पलंगाशेजारी बसून एकटाच बोलला, ऊसतोडीचं, बिबट्या दिसल्याचं, विहारात दुसरं कोण झाडतंय ते. जाताना मला म्हणला, "मी आधीच सांगितलतं." मग म्हणला, "जाऊ दे, जिता हाय तर रुसतोय."

४ फेब्रुवारी, मंगळवार
डॉक्टर म्हणले, येत्या परवा सुट्टी देतो. नळी अजून महिनाभर राहणार, घरी आम्हीच द्यायचं. बीपीची गोळी आयुष्यभर, पोटाची गोळी बी बरेच दिवस. मी घरी थांबणार आहे. किती दिवस ते ठरलं नाही.

दुपारी मुगाचं पाणी गाळून आणलं. पिचकारी लावून ओढली, साफ. दट्ट्या काढला आणि ओतणार तेवढ्यात अण्णांनी उजवा हात वर केला. ग्लासाकडं बोट.

मी ग्लास त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांनी बघितलं. मग वास घेतला, नळीच्या बाजूनं नीट येत नाही तर दुसऱ्या बाजूनं घेतला.

मी म्हणलो, मूग आहे.

त्यांनी मान हलवली नाही.

मूगच आहे अण्णा, आत्यानं केलंय.

नाही हलवली. हात तसाच वर.

मग मी त्यांच्यासमोर एक घोट पिलो. अळणी होतं. ते माझ्या गळ्याकडं बघत होते, खाली उतरतंय का ते. उतरल्यावर मान हलवली आणि हात खाली घेतला.

मी ओतलं.